यंत्राचे पाढे, यंत्राचा हातचा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्हांला आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. आम्ही पडलो साधे बी. ए., तेही इतिहास घेऊन झालेले. आणि त्यानंतरचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कचेऱ्यांत, फायलींच्या सहवासात गेलेले. आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे विषय घेतले. आम्ही मात्र विषय निवडला आहे तो अंकगणिताचा, आणि तोही माणसाच्या नव्हे, तर यंत्राच्या. हे धाडस का केले, ते प्रथम सांगितले पाहिजे.

आपल्या मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात मुलांकडून मराठी पाढे म्हणवून घेण्याची प्रथा आहे. गेल्या वर्षीच्या बैठकीत ती बंद करावी अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते. आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात, गल्लीत बंगाली बोलतात. त्यांत मराठी पाढ्यांचे ओझे कशाला? शिवाय हिशेब करायला आता खिशात यंत्र आहे. त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. आमच्या लहानपणी दिवेलागणीनंतर आजोबा ओसरीवर बसून आमच्याकडून परवचा म्हणवून घेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा त्यांचा क्रम असे. त्या आठवणीने मन भरून येते खरे. पण नुसती आठवण म्हणजे उत्तर नव्हे, हेही कळत होते.

घरी आल्यावर चिरंजीवांजवळ हा विषय काढला. ते इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन चिपच्या रचनेचे काम करतात, आणि त्यांना स्वतःला बारापलीकडे मराठी पाढे येत नाहीत. ते हसून म्हणाले, "बाबा, आम्ही ज्या चिपवर काम करतो, तिच्यात दुसरे आहे काय? लहान लहान पाढेच तर भरलेले आहेत." ते एक वाक्य आमच्या मनात रुतून बसले. पुढे अनेक रात्री त्यांच्याकडून आम्ही जे समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहो. चूक असेल ती शिष्याची समजावी.

आपण ज्या नगरीत राहतो, तिचा या विषयाशी जुना संबंध आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, तर टेबलाशी बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. याच संस्थेत १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी समीकरणे सोडविणारे एक छोटे विद्युत्-यंत्र तयार केले. १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक येथे आला आणि भारतातील पहिला अंकीय संगणक म्हणून त्याची नोंद झाली. पुढे १९६६ मध्ये या संस्थेने व जादवपूर विद्यापीठाने मिळून इसिजू-१ हा ट्रान्झिस्टरचा संगणक उभा केला. बी. टी. रोडवरून बराहनगरकडे जाताना आपल्यापैकी कितीजणांना याची आठवण होत असेल?

मात्र या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. बेरीज करणारा भाग कसा जोडायचा, हे बनविणाऱ्याने एकदाच ठरवायचे आणि ते कायमचे. १९८५ साली अमेरिकेतील झायलिंक्स या कंपनीने निराळ्या जातीची चिप बाजारात आणली. रॉस फ्रीमन हे तिचे जनक मानले जातात. ही कंपनी २०२२ मध्ये एएमडी या मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्या पहिल्या चिपमध्ये ६४ कोरी कोष्ठे होती. प्रत्येक कोष्ठाने कोणते काम करायचे आणि कोणते कोष्ठ कोणाला जोडायचे, हे कारखान्यात नव्हे, तर विकत घेणाऱ्याने आपल्या टेबलावर ठरवायचे. अशा चिपला फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे, थोडक्यात एफपीजीए, म्हणतात.

कचेरीच्या भाषेत सांगायचे तर साधा संगणक म्हणजे एक अत्यंत चपळ कारकून. त्याच्यापुढे हुकूम येतात, तो एकेक वाचतो आणि अमलात आणतो. एफपीजीए म्हणजे शेकडो-हजारो मेजे मांडलेले मोठे दालन. मेजावरचा माणूस साधाच आहे. पण काम पाहून मेजांची मांडणी आपल्याला हवी तशी करता येते. एकेका हाताचा वेग पाहिला, तर ही चिप घरच्या संगणकाच्या प्रोसेसरहून मंदच असते. तरीही ठरावीक आकडेमोडीत ती त्याला मागे टाकू शकते. ते कसे, हे पाहावयाचे आहे.

या दालनातील प्रत्येक मेजावर एक छोटे कोष्टक असते. यंत्राला आपल्यासारखे दहा अंक नाहीत. शून्य आणि एक एवढेच. कोष्ठात चार तारांनी अंक येत असतील, तर त्यांच्या जुळणीचे सोळाच प्रकार संभवतात. म्हणून कोष्टकाला सोळा घरे, आणि प्रत्येक घरात उत्तर आधीच लिहून ठेवलेले. नव्या चिप्समध्ये बहुधा सहा तारा व चौसष्ट घरे असतात. प्रश्न आला की यंत्र विचार करीत बसत नाही. घर शोधते आणि उत्तर देते. प्रश्न सोपा असो वा अवघड, वेळ सारखाच. आता "सात आठी?" असे विचारताच आपण आठ वेळा सात मिळवीत बसतो काय? "छप्पन्न" हा शब्द ओठांवर तयारच असतो. चिरंजीव म्हणाले ते अक्षरशः खरे निघाले. हे पाढेच आहेत.

त्यातही एक गंमत आहे. यातील बहुतेक चिप्स वीज गेली की सारे पाढे विसरतात. वीज आली की शेजारच्या स्मृतीतून ते पुन्हा भरून घ्यावे लागतात, आणि मगच कामाला आरंभ होतो. म्हणजे परवचा यंत्रालाही चुकलेला नाही!

मग कोणी म्हणेल, सगळेच पाठ करून टाकावे. तसे होत नाही. ३२ घरांच्या दोन संख्यांची बेरीज एकाच कोष्टकात मांडायची म्हटले, तर ६४ तारा लागतील, आणि कोष्टकाच्या घरांची संख्या वीस आकडी होईल. तेवढी जागा कोणत्याच चिपमध्ये नाही. आपणही तीसपर्यंत पाढे पाठ केले, तीन कोटींपर्यंत नव्हे. पाढे लहान ठेवायचे, आणि मोठी संख्या घराघराने सोडवायची. पण घराघराने सोडवायची म्हटले की या विषयातील सर्वांत नाजूक वस्तू पुढे येते. ती म्हणजे हातचा.

येथे एक जुनी कबुली द्यावीशी वाटते. नोकरीच्या आरंभी आम्ही एका कचेरीत भविष्यनिर्वाह निधीच्या खातेवह्या पाहत होतो. एके दिवशी पानाखाली बेरीज मारताना शतकाच्या घरातून सहस्राच्या घरात न्यायचा एक हातचा आमच्याकडून राहून गेला. खाते एका निवृत्त झालेल्या गृहस्थांचे होते. दोन वह्यांचा मेळ बसेना, हजार रुपयांचा फरक सापडेना, आणि सापडेपर्यंत त्यांची सगळी रक्कम चार महिने अडकून राहिली. ते दर आठवड्यास येत आणि बाकावर शांतपणे बसत. शेवटी चूक सापडली, ती आमच्याच अक्षरात. क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "चूक कोणाच्याही हातून होते. फक्त मुलीचे लग्न पुढे गेले." त्यांनी शब्दाने दुखविले नाही, म्हणूनच ते वाक्य आजवर विसरता आले नाही. बेरजेतले अंक सगळे बरोबर होते. चुकला होता तो एक हातचा.

माणसाचा हातचा राहून जातो. यंत्राचा राहत नाही, पण तो उशीर करतो. ९९९९ मध्ये १ मिळवा. एककाच्या घरातून हातचा निघतो, दशकाला हलवितो, तेथून शतकाला, तेथून सहस्राला. शेवटच्या घराने कितीही घाई केली तरी मागच्याचा निरोप आल्यावाचून त्याला उत्तर मांडता येत नाही. बेरजेचा वेग म्हणजे वस्तुतः हातच्याचा वेग. हे दुखणे नवे नाही. चार्ल्स बॅबेज यांनी १८३०च्या दशकात दातेरी चाकांच्या गणनयंत्राचे आराखडे काढले, तेव्हा हातचा आधीच ओळखण्याची युक्ती शोधण्यात त्यांनी पुष्कळ बुद्धी खर्च केली होती.

ती युक्ती आपल्याला सहज समजेल. दोन संख्या एकाखाली एक मांडा, आणि बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक घराकडे नुसते पाहा. दोन अंकांची बेरीज आठ किंवा कमी असेल, तर मागून काहीही येवो, त्या घरातून हातचा निघणार नाही. दहा किंवा अधिक असेल, तर निश्चित निघणार. बरोबर नऊ असेल, तरच ते घर परस्वाधीन. मागून येईल तेच ते पुढे धाडणार. म्हणजे प्रत्येक घर आपली भूमिका निरोपाची वाट न पाहता, एकाच क्षणी ठरवू शकते. यंत्राच्या शून्य-एकाच्या जगात हे आणखी सोपे आहे. दोन्ही अंक सारखे असतील, तर हातचा तेथेच ठरला. निरनिराळे असतील, तर मागचा निरोप जसाच्या तसा पुढे.

हा निरोप वेगाने जावा म्हणून चिप बनविणाऱ्यांनी पुढे आणखी एक सोय केली. चिपमधल्या सामान्य तारा आपल्या शहरातील बससारख्या आहेत. चौकाचौकात थांबावे लागते, गाडी बदलावी लागते. १९८४ साली एस्प्लनेड ते भवानीपूर मेट्रो सुरू झाली आणि चौकांचा प्रश्नच उरला नाही. १९९०च्या सुमारास या चिप्समध्ये हातच्यासाठी अशीच स्वतंत्र मेट्रो आली. शेजारच्या कोष्ठाकडून शेजारच्या कोष्ठाकडे सरळ जाणारी ही खास वाट; तिच्यावरून हातच्याखेरीज दुसरे काही धावत नाही. इतक्या लहान वस्तूसाठी राखीव वाट ठेवावीशी वाटली, यावरून तिची योग्यता ध्यानात यावी.

आता गुणाकाराकडे वळू. गुणाकार म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या पुष्कळ ओळींची बेरीज. प्रत्येक ओळ मिळविताना हातच्याची वाट पाहिली, तर कामाचा खोळंबा होतो. त्यावरचा उपाय पाहून आमच्यासारख्या जुन्या हिशेबनिसाला मोठी मौज वाटली. ४७८, ३५६ आणि २८९ या तीन संख्या घ्या. प्रत्येक स्तंभाची बेरीज स्वतंत्र करा. एकक २३, दशक २०, शतक ९. मांडायचे अंक एका ओळीत लिहा, ९०३. आणि हातचे त्यांच्या योग्य घरांत दुसऱ्या ओळीत लिहा, २२०. कोणी कोणाची वाट पाहिली नाही, आणि तीन ओळींच्या दोन झाल्या. अशाच रीतीने ओळी कमी करीत जायचे आणि शेवटी एकदाच खरी बेरीज करायची. ९०३ आणि २२० मिळून ११२३. हातचा टाळलेला नाही, टाकलेला तर नाहीच. तो जपून बाजूला ठेवला आहे आणि योग्य वेळी एकदम चुकता केला आहे.

या शतकाच्या आरंभापासून मोठ्या चिप्समध्ये असे तयार गुणकच बसविलेले असतात. पण गुणायची संख्या नेहमीची ठरलेलीच असेल, तर गुणकाचीही गरज नसते. आमच्या कचेरीत महागाई भत्त्याचा दर जाहीर झाला की पहिले काम म्हणजे त्या दराचे तयार कोष्टक करणे. मग प्रत्येक पगारपत्रकासाठी नव्याने गुणाकार करावा लागत नाही. चिपही हेच करते. मोठ्या संख्येचे लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचे उत्तर कोष्टकातून उचलते, आणि ती उत्तरे आपापल्या घरांत सरकवून मिळविते. पुन्हा पाढे आणि पुन्हा हातचा.

आता राहिली शेवटची युक्ती, आणि ती आपल्या भगिनींना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. गणेशचतुर्थीस मंडळाच्या स्वयंपाकघरात उकडीचे मोदक होतात तेव्हा एकजण उकड मळते, दुसरी पारी करते, तिसरी सारण भरते, चौथी कळ्या मिटते, पाचवी ते मोदकपात्रात ठेवते. पहिल्या मोदकाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. पण एकदा रांग चालू झाली की क्षणाक्षणाला एक मोदक हातावेगळा होतो. चिपमध्येही लांबलचक हिशेबाचे असे टप्पे पाडतात, आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास प्रत्येक टप्पा आपले काम पुढच्याच्या हाती देतो. अशा रांगाही एक नव्हे, शेकडो एका वेळी चालू ठेवता येतात. एकेक हात मंद असूनही दालन वेगवान का, याचे उत्तर येथे आहे.

हे सर्व कोणाच्या उपयोगी पडते? दूर जायला नको. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे महाकाय रेडिओ-दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. काही वर्षांपूर्वी आम्ही राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास गावी गेलो असता तेथे जाऊन आलो. द्राक्षांच्या मळ्यांमधून त्या तबकड्या आकाशाकडे पाहत उभ्या असलेल्या पाहून ऊर भरून आला.

प्रत्येक तबकडीकडून दोन प्रकारचे, असे ६० प्रवाह मध्यवर्ती इमारतीत येतात. दुर्बिणीच्या अलीकडील सुधारणेनंतर पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद झाला. तो अंकांत उतरवायचा तर प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला सुमारे ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. पुढे ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या लावून त्यांचा परस्पर मेळ घालतात. हे शेवटचे काम आता ग्राफिक्स प्रोसेसर करतात. पण आकाशातून आलेला कच्चा प्रवाह प्रथम हाती घेणाऱ्या आपल्या एफपीजीए चिप्सच आहेत. आणखी एक जोखीम त्यांच्यावर आहे. विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा क्षणिक गोंगाट ताऱ्यांच्या क्षीण संदेशात मिसळतो. नमुन्यांच्या एकेका गटाचा मध्यक काढायचा, त्यापासून प्रत्येक नमुना किती दूर आहे ते पाहायचे, आणि मर्यादेबाहेरचा नमुना तिथल्या तिथे बाजूला करायचा, हा सारा हिशेब प्रवाह न थांबविता करावा लागतो. गंगेचे पाणी वाहत असतानाच गाळून घेण्यासारखे हे काम. उद्या करू म्हणून ते ठेवता येत नाही. आलेला क्षण गेला की गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बालवर्गातले पाढे ठेवावे की सोडावे? हा विषय समजून घेतल्यावर आमचे मत थोडे बदलले आहे, आणि ते दोन्ही पक्षांना पुरते रुचेल असे नाही.

आमच्या आजोबांची औटकी आता परत येणार नाही. आणे-पैचा व्यवहार १९५७ साली दशमान नाण्यांनी मागे टाकला, आणि साडेतिनाच्या पाढ्याचे मुख्य कामही त्याबरोबर गेले. ती आपण प्रेमाने आठवावी. मुलांवर लादू नये. तीसपर्यंतचा आग्रहही सोडावा. यंत्रसुद्धा अफाट पाढे पाठ करीत नाही. ते लहान पाढे पाठ करते, पण पक्के करते. दहापर्यंतचे पाढे मराठीत, ठेक्यात, विचार न करता ओठांवर यावेत एवढे मात्र अवश्य ठेवावे. ज्यांना वाटते की यंत्र आले म्हणून पाठांतर गेले, त्यांना आमचे नम्र सांगणे एवढेच की यंत्राच्या पोटात डोकावून पाहिले तर तेथे पाठांतरच बसलेले आहे.

आणि पाढ्यांहून अधिक आग्रहाने शिकवावा तो हातचा. आपल्या घराचा हिशेब बरोबर आला एवढ्याने भागत नाही. पुढच्या घराला जे द्यायचे ते वेळेवर आणि न विसरता दिले पाहिजे. हे आम्ही एका सज्जनाच्या चार महिन्यांच्या खोळंब्यातून शिकलो. मुलांना ते त्याहून स्वस्तात शिकता यावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांतील अनेकजण आज आपल्यात नाहीत. त्यांनी आपापल्या घरची बेरीज मांडून हातचा आपल्याकडे सोपविला, म्हणून आपण आज येथे बसलो आहो. या भाषणाची तयारी करीत असता चिरंजीव एके रात्री म्हणाले, "बाबा, मला तेरापासून पुढचे पाढे सांगा, निदान ऐकून तरी ठेवतो." तीसपर्यंतचा आग्रह सोडा असे आपल्याला सांगणारा हा मनुष्य त्या रात्री एकोणतिसापर्यंत पोचला होता, हे प्रामाणिकपणे कबूल करून आम्ही आपली रजा घेतो.